लक्षणं जुळतात

१२ जानेवारी १९९७, रविवार

सुमन आजही चर्चला आली नाही. सलग तिसरा रविवार. बाकावर माझ्या डावीकडची जागा रिकामी होती. शांतवनकाकांनी तिथे आपली टोपी ठेवली. उपासना संपल्यावर चौघांनी विचारलं. चौघांनाही सांगितलं, थंडी बाधली आहे.

घरी आलो तेव्हा ती नव्हती. इंदिरानगरला गेलेली, एस्तेर सिस्टरच्या फ्लॅटवर. एस्तेर ही आमच्या मुलीच्या, रूथच्या वॉर्डातली नर्स. रूथला जाऊन तीन वर्षं होतील. नर्सची ओळख राहिली.

भात झाकून ठेवलेला. गरम होता. म्हणजे माझी यायची वेळ बघून निघाली.

१९ जानेवारी

पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं. मंडळीतली तीन घरं ‘उरलेल्यां’कडे गेली. ते लोक स्वतःला असंच म्हणवतात. शेवटी देवाजवळ जे थोडे उरतील ते आपण, असा अर्थ. त्यांचा प्रमुख पूर्वी सातपूरला कारखान्यात फिटर होता. त्याला ‘धाकटे भाऊ’ म्हणतात. थोरला भाऊ ख्रिस्त, त्याच्या पाठचा हा.

पाळक म्हणाले, “सर, एक पुस्तिका लिहा. खोटा पंथ कसा ओळखावा. सोळा पानं, साधी भाषा. तुम्ही मराठीचे प्राध्यापक, त्यात चर्चचे चिटणीस. आणखी कोणाला सांगू?”

सुमनचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. चौथं घर कोणतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

लिहायचं तर बघायला हवं. दुपारी सुमनबरोबर इंदिरानगरला गेलो. रिक्षात ती माझ्या बाजूला सरकून बसली. खूप दिवसांनी.

फ्लॅटमध्ये खुर्ची नाही. भिंतीवर काही नाही, क्रूसही नाही. वीस-बावीस माणसं सतरंजीवर. एक गाणं, पेटीशिवाय. मग ज्याला ते ‘बैठक’ म्हणतात ती. दोघादोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने विचारायचं, कोणासाठी रडायचं राहिलंय? दुसऱ्याने सांगायचं आणि रडायचं. विचारणाऱ्याने समजूत काढायची नाही, वचन सांगायचं नाही. ऐकायचं.

माझ्यासमोर धाकटे भाऊ स्वतः बसले. बुटके, पन्नाशीचे, डाव्या अंगठ्याला नख नाही. प्रश्न विचारला. मी म्हणालो, “मी पुस्तिकेच्या कामासाठी आलोय.” ते म्हणाले, “बरं. मग नुसते बसा.”

नुसता बसलो. मागून सुमनचा आवाज येत होता. शेवटच्या दुपारी रूथ पाणी मागत होती. डॉक्टरांनी पाणी बंद केलं होतं. “चार वेळा म्हणाली, मम्मी, पाणी. मी नाही दिलं. मी तिला डोळे मीट म्हटलं.”

मला हे माहीत नव्हतं. त्या वेळी मी औषध आणायला खाली गेलो होतो. तीन वर्षं एका घरात राहून ते मला आज कळलं, वीस परक्या माणसांबरोबर.

३ फेब्रुवारी

सकाळी चहाला म्हणालो, “पाण्याचं मला सांगायचंस.”

सु. म्हणाली, “तुम्ही विचारलं नाहीत.” आणि थोड्या वेळाने, “मातीला आलेला प्रत्येकजण म्हणत होता, देवाची इच्छा. तुम्ही प्रत्येकाला मान हलवलीत.”

हलवली होती.

१६ फेब्रुवारी

लिहायला घेतलं. पाळकांनी दोन इंग्रजी पुस्तकं दिली आहेत; जाडजूड, परदेशातल्या भानगडींची. आपल्याकडे उपयोगाची नाहीत. इथला पंथ सतरंजीवर बसतो आणि चहा देतो.

एक गोष्ट मात्र सापडली. खोट्या पंथात ख्रिस्ताला कोणी नाकारत नाही. त्याच्यापुढे ‘आणि’ लावतात. ख्रिस्त आणि धाकटे भाऊ. ख्रिस्त आणि शनिवारची बैठक. नुसता ख्रिस्त पुरत नाही, हे पहिलं लक्षण. बाकीची त्यातून निघतात. शास्त्राचा अर्थ एकच माणूस लावतो. शंका काढणं पाप ठरतं. प्रमुखाला जाब विचारणारं कोणी नसतं. कृपा फुकट मिळत नाही, कमवावी लागते. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घ्यावा लागतो, कारण पहिला ‘त्यांचा’ होता.

चांगलं लिहिलं गेलंय. वाक्यं छोटी. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काही तरी नीट धरून बसलो होतो.

२५ फेब्रुवारी

सीबीएस बसस्थानकावर धाकटे भाऊ भेटले. हातात पिशवी, पायात स्लिपर. सलाम केला. जाता जाता म्हणाले, “सर, आमटी खारट झाली म्हणून पानावरून उठू नये. बाईमाणसाला लागतं ते.”

गुरुवारी उठलो होतो. घरात दोघंच होतो.

सु.ला विचारलं. तिने सरळ सांगितलं. सगळ्यांकडे एकेक वही असते. आठवड्यात घरात काय झालं, मनात काय आलं, ते लिहायचं आणि शनिवारी भाऊंना द्यायचं.

“सगळं लिहितेस?”

“लपवण्यासारखं काय आहे त्यात? आमटी खारटच होती.”

नवं लक्षण लिहून घेतलं. सातवं. घरातलं बोलणं प्रमुखाकडे पोचतं. त्यानंतर दिवसभर घरात मी काही बोललो नाही. मग लक्षात आलं की तेही लिहिलं जाईल.

१५ मार्च

मजकूर पुरा झाला. एकूण अकरा लक्षणं. सु.ला वाचायला दिला. माझं सगळं लिखाण आधी ती वाचते, चौदा वर्षं हेच चालत आलंय. दुसऱ्या कोणाला द्यावा हे सुचलं नाही.

जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसली. शाळेच्या वह्या तपासते तशी. “‘अनुयायी’ एकाच ओळीत दोनदा आलाय. एक काढा.” सातव्यापाशी थांबली. “हे खरं आहे. राहू द्या.” नवव्यापाशी जास्त वेळ थांबली. सोडून जाणाऱ्याला मेल्यासारखं वागवतात. “हे तुमच्या मंडळीच्या पंचांना दाखवलंत का?”

शेवटी टोपण लावलं. “अकरापैकी आठ आमच्यात आहेत.”

“मग?”

“मग काय? ताप मोजला म्हणून उतरतो का?”

कागद नीट जुळवून दिले. म्हणाली, “मी तिथे का जाते, ते यात कुठेच नाहीये.”

२२ मार्च

पाळकांनी वाचलं. खूश. फक्त नववं लक्षण... “ते जरा आपल्यावरही येतं, सर. लोक उगाच बोट दाखवतील.” पंचांतले शांतवनकाका शेजारीच होते. रेल्वेत गार्ड होते, अजून शिट्टी फुंकल्यासारखं बोलतात. “अहो, दुसऱ्याच्या पुस्तकात आपलाच फोटो कशाला छापता?”

काढलं. दहा राहिली. दहा हा आकडा पाळकांना आवडला.

३० मार्च, पुनरुत्थानाचा रविवार

पहाटे दफनभूमीत. सु. आली. चर्चला येत नाही, पण या दिवशी येणार हे मला वाटलंच होतं. सगळी मंडळी आपापल्या कबरींवर मेणबत्त्या लावत होती. तिने रूथच्या कबरीवरचं गवत उपटलं. शेजारची जागा आम्हा दोघांसाठी राखलेली आहे, मंडळीच्या रजिस्टरात तशी नोंद आहे. तिथलंही गवत काढलं.

परतताना म्हणाली, “बाकी काहीही सोडेन. ही जागा सुटायची नाही माझ्याच्याने.”

मी ते मनात ठेवलं.

१३ एप्रिल

दुपारी जेवताना सु. म्हणाली, “भाकरी वाढू, वसंतबंधू?”

हसलो. थट्टा वाटली. थट्टा नव्हती. त्यांच्यात आता नवरा-बायकोनेही एकमेकांना बंधू-भगिनी म्हणायचं ठरलंय. प्रभूमध्ये दुसरं नातं नाही.

“चौदा वर्षं अहो म्हणतेस.”

“तोंडात बसायला वेळ लागेल. मलाही कसंतरीच होतं.”

“मग म्हणू नकोस.”

“भाऊंनी सांगितलंय.”

“या स्वयंपाकघरात भाऊ कोण?”

तिने भाकरी वाढली. संध्याकाळी आपलं अंथरूण रूथच्या खोलीत नेलं. ती खाट सहा वर्षांच्या मुलीची आहे. पाय दुमडून निजावं लागतं.

११ मे

गिरणाऱ्याच्या पुढे उरलेल्यांनी शेत घेतलंय. टोमॅटो लावणार. जूनपासून सगळ्यांनी तिथेच राहायचं. सु. शाळेची नोकरी सोडणार. अजून सोडलेली नाही. मुख्याध्यापिकेला पत्र लिहून पर्समध्ये ठेवलंय, दिलेलं नाही.

“तुम्हीही चला,” म्हणाली. विनवणी होती त्यात.

“तू राहा.”

दोघंही आपापलं वाक्य बोलून थांबलो.

१८ मे

पंचांची सभा. विषय, नाव वाचणे. नियम मिशनरींच्या काळापासूनचा. जो मंडळी सोडून दुसरीकडे गेला त्याचं नाव तीन रविवार सूचनांमध्ये वाचायचं. तिसऱ्या रविवारपर्यंत त्याने सर्वांसमोर उभं राहून परत आलो म्हणावं. नाही म्हणाला तर नाव रजिस्टरातून कमी, आणि दफनभूमीत जागा नाही. वीसेक वर्षांत कोणाचं वाचलेलं नाही.

शांतवनकाका म्हणाले, “सिमिट्रीचं ऐकलं की धावत येतात बघा. आपल्याकडे माणूस मेल्यावरच मंडळीचा होतो.” सगळे हसले.

चार नावं. चौथं सौ. सुमन. पाळकांनी माझ्याकडे बघितलं. “सर, तुमचं काय मत?”

त्या क्षणी नको म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. कोणालाही माझ्या बायकोचं नाव वाचायचं नव्हतं. पण माझ्या मनात ती जागा होती. ती जागा सुटायची नाही, असं ती स्वतः म्हणाली होती. मला वाटलं, पुस्तिकेने जे झालं नाही ते याने होईल.

म्हणालो, “नियम सगळ्यांना सारखा.”

पंचांना वाटलं, केवढा तत्त्वाचा माणूस.

२५ मे

चार नावं वाचली. सूचना चिटणीस वाचतो, म्हणजे मी. शेवटचं वाचताना आवाज नेहमीसारखाच होता.

घरी सु. तांदूळ निवडत होती. सांगितलं. जागेचंही सांगितलं. तिचा हात थांबला. मग पुन्हा खडे काढायला लागली.

१ जून

दुसऱ्यांदा.

सु.ने विचारलं, “पुढच्या रविवारीही तुम्हीच वाचणार?”

“चिटणीस मीच आहे.”

“एखाद्या रविवारी माणसाची तब्येत बिघडू शकते.”

मी म्हणालो, “तू ये. तू उभी राहिलीस की वाचायची वेळच येणार नाही.”

“बघू,” म्हणाली.

बघू म्हणाली. मुख्याध्यापिकेचं पत्र अजून पर्समध्येच आहे.

८ जून

आली.

दुसरं गीत चालू असताना आली. मागच्या बाकावर, दाराजवळ. निळी साडी. माना वळल्या. शांतवनकाकांनी मला कोपराने ढोसलं, “बघा, म्हटलं नव्हतं?”

सूचना. महिला मंडळाची सभा. सुटीतल्या शाळेचा समारोप. मग कागद. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. थांबलो. ती माझ्याकडे बघत होती. उभी राहील म्हणून वाट पाहिली. ती बसूनच राहिली. नजर माझ्यावरून काढली नाही. पाळकांनी घड्याळ बघितलं.

वाचलं. आडनावासकट, स्पष्ट. वर्गात हजेरी घेतो तसं.

ती उठली. दार आपटू नये म्हणून हाताने धरून हळू लावलं.

९ जून

सकाळी एस्तेर टेम्पो घेऊन आली. सामान फार नव्हतं. सु. माझ्याशी चांगलं बोलली. दूधवाल्याला काय सांगायचं, इस्त्रीचे कपडे कुठे आहेत. रूथची एकही वस्तू घेतली नाही. मी काही म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाली, “असू दे.”

जिन्यात एस्तेर मागे राहिली. म्हणाली, “सर, भाऊंनी आम्हा सगळ्यांना जानेवारीतच सांगितलं होतं, तुमचं नाव तुमच्याच घरचा माणूस वाचेल. सगळ्यांना पटलं. एकट्या सुमनताई म्हणायच्या, आमचे हे नाही वाचणार. काल त्या तेवढ्यासाठी आल्या होत्या.”

मग टेम्पो सुरू झाला.

२२ जून

काही लिहायचं नाही.

१० ऑगस्ट

छापखान्यातून पुस्तिका आल्या. मुखपृष्ठ पिवळं. चर्चच्या दारात वाटल्या. लोक म्हणाले, भाषा किती सोपी.

पहिलं लक्षण पुन्हा वाचलं. ख्रिस्त आणि धाकटे भाऊ. छापलेलं वाचताना आठवलं, नाव वाचलं त्या दिवशी माझ्या हातातही एक ‘आणि’ होता. ख्रिस्त आणि रजिस्टर. मी जागेची भीती घातली, त्याने शेवटच्या दिवसाची घातली. तिला दोन्हीकडून हाकलत होतो. फरक एवढाच की त्याने आधी तिचं ऐकून घेतलं होतं.

तरी तो खोटा आहे. हेही तितकंच खरं. मी चुकलो म्हणून तो खरा ठरत नाही. कोणाला सांगू हे.

१४ फेब्रुवारी १९९८

गिरणाऱ्याला गेलो. फाट्यावरून चालत दोन मैल. तारेचं कुंपण, पत्र्याचं फाटक. आत सोडत नाहीत. बाहेर शेजारच्या शेतातली म्हातारी शेळ्या राखत बसली होती. विचारलं, लोक कसे आहेत.

“लय गुणाची हायेत. दारू नाय, भांडान नाय. टमाट्याला भाव नाय मिळाला तरी कोनी रडत नाय. शनवारी मातर समदी रडत्यात, बिनकामाची.” आणि मला न्याहाळून, “तुमचं कोन हाय आत?”

“बायको.”

“मंग तुमी भाइर कसं?”

अर्ध्या तासाने सु. आली. हात हिरवे-काळे, टोमॅटोच्या झाडांचे. बरोबर एक तरुण भगिनी, दोन पावलं मागे, पूर्ण वेळ उभी. सु.ने विचारलं, जेवता का वेळेवर. मी विचारलं, बरी आहेस ना. ती हो म्हणाली. मी म्हणालो, “मी वाचायला नको होतं.” तिने मागे उभ्या असलेल्या मुलीकडे बघितलं. मग म्हणाली, “आता त्याचं काही नाही, बंधू.”

१८ एप्रिल १९९९

मनमाडहून एक गृहस्थ आले. रेल्वे वर्कशॉपमधले. हातात माझी पिवळी पुस्तिका, समासात पेन्सिलीच्या खुणा. एकोणीस वर्षांचा मुलगा कुठल्याशा दुसऱ्याच पंथात गेला आहे, कॉलेज सोडून.

“सर, दहापैकी आठ लक्षणं जुळतात. मी दोनदा ताडून पाहिलं.”

“हो.”

“मग आता मी काय करू?”

सोळा पानांत ते नाही. ओळखायचं कसं एवढंच आहे. मी त्यांना चहा दिला. ते पुस्तिकेची पानं पुढे-मागे करत राहिले, जणू एखादं पान चिकटलं असेल.

एवढंच सांगितलं, त्याला घराबाहेर काढू नका. काहीही झालं तरी त्याचं नाव टाकू नका. ते म्हणाले, “आमच्या पाळकांनी तर सांगितलंय, कडक व्हा.” मी म्हणालो, “मी कडक झालो होतो.” त्यांना कळलं नाही. सांगत बसलो नाही.

६ फेब्रुवारी २०००

दुसरी आवृत्ती काढायची आहे. वर्ध्यापासून मागणी आहे म्हणे. मी नववं लक्षण परत घालायला दिलं. नवे तरुण पाळक आलेत, त्यांनी मोकळेपणाने वाचलं. “सर, मला पटतं. पण पंचांना नाही पटणार.”

दहाच छापली.

१७ नोव्हेंबर २००२

एस्तेर परत आली. उपासनेत उभी राहून म्हणाली, मी परत आले. बसली. बायकांनी नंतर तिला मधे घेऊन चहा पाजला. तिचं नाव आमच्या रजिस्टरात कधीच नव्हतं, त्यामुळे कमी करायचा प्रश्न आला नव्हता.

दुपारी माझ्या घरी आली. केस पांढरे झालेत. वडिलांच्या मातीला भाऊंनी जाऊ दिलं नाही, म्हणून बाहेर पडली. “मेलेल्यांनी मेलेल्यांचं बघावं, म्हणाले. एवढी वर्षं मला दुसऱ्यांसाठी रडायला लावलं, आणि बापासाठी नाही.”

सु.चं विचारलं.

“गेल्या वर्षी विषमज्वर झाला होता त्यांना. सोळा दिवस ताप. भाऊ म्हणाले, औषध म्हणजे अविश्वास. मी गिरणाऱ्याहून इंजेक्शनं लपवून नेली. ताईंनी घेतली. वाचल्या. आणि शनिवारी वहीत लिहिलं की घेतली.”

“तिने स्वतः?”

“स्वतः. मग तीन महिने माझ्याशी कोणी बोलायचं नाही असं ठरलं. ताईही बोलल्या नाहीत. भाकरी वाढायच्या, पण तोंड दुसरीकडे.”

मी विचारलं, ती येईल का.

एस्तेरने कप खाली ठेवला. “सर, माझ्याकडे जायला घर होतं म्हणून मी निघाले. ताईंना वाटतं, त्यांचं घर त्यांच्या डोळ्यांदेखत बंद झालं.”

१२ जानेवारी २००३

पंचांची सभा. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते खणलेत, निम्मे पंच उशिरा आले. मी विषय मांडला, सुमनचं नाव परत घेणे. तिने उभं न राहता. पहिले उठले शांतवनकाका. आता काठी घेऊन येतात. म्हणाले, “घ्या. मी सूचक. त्या दिवशी मी हसलो होतो, ते जरा...” आणि तिथेच थांबले.

ठराव झाला. बाईंनी एका ओळीचा अर्ज द्यावा, खाली सही असावी. तेवढं तरी लागेल, नाहीतर उद्या कोणीही, वगैरे. मान्य केलं.

अर्ज मीच लिहिला. एक ओळ. पाच वेळा लिहिली. माझं नाव मंडळीत परत घ्यावं ही विनंती. त्यातला ‘विनंती’ काढून बघितला. परत घातला.

२६ जानेवारी

गिरणारे. सु. फाटकाशी आली. खूप वाळली आहे. तापानंतर केस विरळ झालेत. आज मागे कोणी उभं नव्हतं. किंवा दूर असेल, मला दिसलं नाही.

कागद दिला. तिने वाचला. एक ओळ वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ बघत राहिली.

“जागा अजून आहे?”

“आहे.”

“कोणाला दिली नाही?”

“नाही.”

“गवत?”

“मी काढतो.”

खिशातून पेन काढून पुढे केलं. तिने बघितलं. हात वर आला, असं मला वाटलं. मग कागदाची घडी घातली आणि मुठीत धरली.

“शनिवारी विचारून सांगते.”

“सुमन, यात विचारायचं काय? नाव तुझं आहे.”

“विचारावं लागतं,” म्हणाली. लहान मुलाला सांगावं तसं, न रागावता. आतून घंटा झाली. जाताना वळून बघितलं नाही, पण मूठ मिटलेलीच होती.

१ फेब्रुवारी, शनिवार

तास लवकर आटोपले. गिरणाऱ्याची बस सीबीएसला सव्वापाचला येते. उभा राहिलो. टोमॅटोचे क्रेट उतरले, माणसं उतरली. उरलेल्यांपैकी एक बंधू बाजाराला येतो, तो ओळखीचा आहे. तो उतरला. त्याने मला पाहिलं, मान खाली घातली, गेला.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजही तो बंधू उतरला. या वेळी मी आडवा गेलो. “काही निरोप?” तो म्हणाला, “माझ्याजवळ काही दिलेलं नाही.” खरं बोलत असावा.

उत्तर नाही. पण कागदही परत आलेला नाही. या सहा वर्षांत मी टाकलेलं प्रत्येक पत्र चार दिवसांत न फोडता परत आलं आहे. बाहेरचं ते आत ठेवत नाहीत. कागद जाऊन आज तेरा दिवस झाले.

भाऊंनी स्वतःकडे ठेवून घेतला असेल. फाडला असेल. तिने विचारलंच नसेल. विचारलं असेल, आणि उत्तर काय मिळालं ते वहीत असेल.

किंवा सही करून कुठे तरी ठेवला असेल. तेही शक्य आहे. लिहून ठेवतो, कारण मनात आलं.

सोमवारपासून तोंडी परीक्षा. विभागप्रमुखांना सांगितलंय, शनिवारची दुपार मला मोकळी हवी.